अंथुर्ण्याला दिलेला शब्द

अनसाबाई मैदानात आल्या की आधी सराटे वेचायच्या. वहाणा कडेला काढून ठेवायच्या आणि सगळं मैदान अनवाणी चालून काढायच्या. सराटा डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतो, असं त्यांचं म्हणणं. टोचला की जागच्या जागी वाकून उपटायचा, ओच्यात टाकायचा आणि पुढचं पाऊल. मुली तोवर भिंतीला टेकून बसलेल्या असत. एखादी म्हणायची, "बाई, आमी वेचतो की."

"तुम्ही वेचाल आणि एक ठेवाल," बाई म्हणायच्या. "बसा गप."

बारामतीच्या मुलींच्या शाळेत त्या खालचे वर्ग शिकवत, पण गावात त्यांना कोणी त्यासाठी ओळखत नसे. खो-खोच्या बाई म्हणून ओळखत. कौतुकानं म्हणणारे थोडे, नाक मुरडून म्हणणारे पुष्कळ. काळ एकोणीसशे तीसच्या पुढचा. मुलगी सातवीला पोचायच्या आत बोहल्यावर उभी राहायची, आणि ही बाई तिच्या लुगड्याचा काष्टा घट्ट मारून तिला भर मैदानात पळायला लावते, हे लोकांना रुचत नव्हतं. पुण्याला ट्रेनिंगला असताना बाईंनी हा खेळ चुन्याच्या रेघा मारून, नियमानं खेळलेला पाहिला होता. तो त्यांच्या डोक्यात जो शिरला तो शिरलाच.

माझी त्यांची ओळख गुळामुळे. बारामतीच्या गुळाच्या पेठेत मी ढेपा वाहिल्या होत्या आणि त्याच पेठेत नुकतीच स्वतःची अडत घातली होती. बाई घरापुरता गूळ माझ्याकडून न्यायच्या. मी भाव सांगायचो, त्या तेवढे पैसे ठेवायच्या आणि निघायच्या. घासाघीस नावालाही नाही. ज्याला घासाघीस करता येत नाही त्या माणसाचा मला राग येतो. आपण जास्त सांगितलं याची टोचणी तो आपल्याकडे ठेवून जातो. एकदा मी बोललोच, "बाई, थोडं कमी म्हणायची रीत आहे."

"का? तुम्ही जास्त सांगितलंय?"

"सगळेच सांगतात."

"मग खरं सांगत जा. तुमचाही वेळ वाचेल, माझाही."

गिऱ्हाइकं हसली. मी तो दिवसभर हमालांवर ओरडत होतो.

पण मुलगी मागायची असली की याच बाई माझ्यापेक्षा पक्क्या होत. माझी धाकटी बहीण हौसा शाळेत होती. वडील नव्हते, घरचा कर्ता मी. हौसाला खेळायला पाठवणार नाही, असं मी शाळेत जाऊन सांगून आलो होतो. बाईंनी वाद घातला नाही. संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या, आईसमोर बसल्या, सूप पुढं ओढलं आणि आईबरोबर डाळ निवडायला लागल्या. खेळाचं नाव नाही. डाळ निवडली, उठल्या, गेल्या. आठवड्यानं पुन्हा आल्या, तेव्हा आई जोंधळे पाखडत होती. बाईंनी दुसरं सूप घेतलं. शेवटी आईलाच राहवेना.

"बाई, तुमी नुसत्याच येता व्हय? काय काम हाय का?"

"काम तुमच्या लेकीशी आहे. पण घाई नाही."

रात्रीच्या जेवणाला आई मला म्हणाली, "शंकर, जाऊ दे पोरीला. ती बाई आपली डाळ निवडती, अन् आपन तिला एक पोरगी दीना." मालाला हात न लावता समोरच्याकडून भाव काढून घेणं म्हणतात ते हे. मी ते पेठेत शिकलो होतो. बाई कुठं शिकल्या कोण जाणे.

त्यांच्या खेळाची तऱ्हाही वेगळी होती. खो-खोत लोक पळणारीला बघतात. बाई बसलेल्यांना बघायच्या. रांगेत उकिडव्या बसलेल्या मुलींना त्या अर्धा अर्धा तास तसंच बसवून ठेवत. कोणाला खो मिळणार ते सांगत नसत. "खो आल्यावर उठायचं. येईल म्हणून उठायचं नाही," हे एकच वाक्य. एखादी अधीर होऊन आधीच उठली की तिला भिंतीजवळ नेऊन बसवायच्या आणि म्हणायच्या, "इथं कोणीच खो देणार नाही. बस आता." शिट्टी त्यांच्याकडे नव्हती. टाळी वाजवायच्या, ती पार कऱ्हेच्या घाटापर्यंत ऐकू जायची.

हौसा बुटकी होती. पळताना मागं बघायची नाही. पाठलाग करणारी किती जवळ आहे हे तिला बघावं लागत नसे, आणि ऐन वेळी ती अशी वळायची की मागची सरळ निघून जायची. बाई तिला कधी शाबास म्हणाल्या नाहीत. हौसा पळाली की त्या दुसरीकडे बघायच्या, आणि हौसाला कळायचं की आज चांगलं झालं.

आता अडचण अशी की मुलगी खेळात तयार व्हायची आणि तिचं लग्न ठरायचं. दर उन्हाळ्यात बाईंची निम्मी फळी सासरी जायची. दुसरं कोणी असतं तर हात टेकले असते. बाईंनी तोड काढली. नवी नवरी पहिल्या पंचमीला माहेरी येते, येणारच. तिला न पाठवणारं सासर आपल्याकडे नावं ठेवून घेतं. आणि पंचमीला सासुरवाशिणी झोका खेळतात, फुगडी खेळतात, त्याला कोणी नावं ठेवत नाही. बाईंनी आपले सामने पंचमीच्या दिवसांत आणून ठेवले. इंदापूरच्या शाळेलाही ते पटवलं, त्यांच्याही मुली तेव्हाच घरी असत. कोणी हरकत घेतलीच तर बाई म्हणायच्या, "पंचमीला पोरी खेळतातच. मी फक्त चुन्याच्या रेघा मारते."

सामना एक वर्षी बारामतीला, एक वर्षी इंदापूरला. बारामतीला बाई हरल्या तर हसायच्या. इंदापूरला हरल्या की परत येईपर्यंत बोलायच्या नाहीत. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचा नवरा इंदापूरचा. त्यानं बाईंना टाकून दुसरी केली होती. बाई कुंकू लावत, पण त्या घराचं नाव घेत नसत. इंदापूरला सामना असला की हा गृहस्थ छत्री घेऊन मैदानाच्या पलीकडच्या कडुनिंबाखाली उभा राहायचा. मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "बाई, ते आलं."

"येऊ दे. जागा सरकारची आहे," बाई म्हणायच्या.

हौसाचं लग्न अंथुर्ण्याला झालं. अंथुर्णे बारामतीहून इंदापूरला जाताना वाटेवरच. पाटाच्या पाण्यावर ऊस करणारं, पोटभर खाणारं घर. सासरे गणपतराव, त्यांना सगळा गाव आबा म्हणे. माणूस सरळ, पण मानी. पहिल्या पंचमीला मी जाऊन हौसाला घेऊन आलो. त्या वर्षी सामना इंदापूरला होता. बाई दुसऱ्याच दिवशी आमच्या दारात.

आई म्हणाली, "आता ती आपली न्हाय, बाई. अंथुर्ण्याला निरोप धाडा. आबांनी व्हय म्हनलं तर न्या."

मी म्हणालो, "माणूस धाडतो उद्या."

"तुम्ही राहू द्या," बाई म्हणाल्या. "मी बघते."

त्यांनी "मी बघते" म्हटल्यावर मी विषय सोडला. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मी नाही म्हटलं नव्हतं आणि हो पण म्हटलं नव्हतं.

बाईंनी निरोप धाडला नाही. एका ओळखीच्या मालमोटारीत मुली बसवल्या आणि निघाल्या. अंथुर्ण्याच्या अलीकडे त्यांनी हौसाला खाली निजवून वर ताडपत्री ओढली. गाव मागं पडेपर्यंत पाचदहा मिनिटांचा प्रश्न होता. पण मोटार तापली. पाण्यासाठी थांबली ती बरोबर आबांच्या विहिरीशी. पुढचं सगळं मला हौसानं सांगितलं, ताडपत्रीखालून जेवढं ऐकू आलं तेवढं.

आबा स्वतः बाहेर आले. गड्याला बादली घेऊन पिटाळलं, आणि मुली बघून म्हणाले, "कुठल्या गं पोरी?"

"बारामतीच्या," बाई म्हणाल्या. "इंदापूरला खेळायला चाललोय."

"आमची सूनबी बारामतीचीच हाय. पंचमीला गेलीया." एवढं म्हणून आबा मळ्यात गेले आणि धोतराच्या सोग्यात कोवळ्या काकड्या घेऊन आले. सुनेच्या माहेरच्या मुली म्हणून स्वतःच्या हातानं एकेकीला दिल्या. बाईंनाही दिली. "खावा. हितंच खावा, वाटंत धूळ उडती." बाईंनी ती काकडी त्यांच्यासमोर खाल्ली. पायाशी हौसा श्वास धरून पडली होती.

इंदापूरला त्या जिंकल्या. हौसा एकटी इतका वेळ टिकली की समोरच्या मुली रडकुंडीला आल्या. कडुनिंबाखालची छत्री सामना संपायच्या आत निघून गेली. परतीच्या वाटेवर बाई मुलींबरोबर गाणी म्हणत होत्या, असं हौसा सांगते. अंथुर्ण्याला पुन्हा ताडपत्री.

आबांना कळलं ते इंदापूरच्या बाजारातून आलेल्या एका माणसाकडून. तो बिचारा आनंदानं आला होता. "आबा, पेढं काढा. सून काय पळती तुमची, वाऱ्याला घावत न्हाय."

पंचमी झाली. हौसाला न्यायला कोणी आलं नाही. गौरी बसल्या, उठल्या. दसऱ्याचं सोनं लुटून झालं. हौसा दारातला आवाज झाला की उठून बघायची, मग बघायची सोडली. शेजारणी आईला काही विचारत नव्हत्या, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. बाई रोज शाळा सुटल्यावर येऊन उंबऱ्याच्या बाहेर बसायच्या. आत या म्हटलं तरी आत येत नसत. त्यांनी सूपही मागितलं नाही.

मी एकदा एकटा अंथुर्ण्याला जाऊन आलो आणि बिघडवून आलो. आबा म्हणाले, "तुमची भैन तुमच्याकडं हाय, ठेवा." मी म्हणालो, "ठेवतो." वहाणा घातल्या आणि निघालो. माझा स्वभावच तसा. घरी आल्यावर आईनं माझ्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या खेपेला बाई माझ्याबरोबर आल्या. मी नको म्हणत होतो. वाटेत त्यांना बजावलं, "बोलणं मी करणार. तुम्ही विचारलं तेवढंच बोला."

"बरं," त्या म्हणाल्या.

ओट्यावर घोंगडी टाकलेली होती. आबा, मी, थोड्या अंतरावर बाई. जावई गोठ्याच्या खांबाला टेकून उभा, बैलाची पाठ खाजवत. मी सुरुवात चांगली केली. ऊस कसा आहे, पाण्याची पाळी कधी, इथपासून मुद्द्यावर आलो. त्यांचा गूळ माझ्या अडतीला आला तर काय सवलत देईन तेही सुचवलं. आबांनी हात वर केला.

"पाव्हनं, गुळाचं नंतर. मला ह्या बाईंनी सांगावं. म्या काकड्या वाटल्या तवा माझी सून कुठं हुती?"

"ताडपत्रीखाली," बाई म्हणाल्या.

"का?"

"तुम्ही उतरवून घेतली असती म्हणून."

"इचारलं हुतं का मला?"

"नाही."

आबांनी मूठ आवळली. "इचारलं असतं तर म्या न्हाय म्हनलो असतो. न्हायतर गाडी जुंपून तुमच्या मागनं बघायला आलो असतो. आता माझं मलाच ठावं न्हाय. ते ठरवायचं तुमी माझ्याकडनं काढून घेतलं, बाई. अन् माझ्याच दारात, माझंच खाऊन."

मी मधे बोलणार होतो, पण बाई आधी बोलल्या. "मला इंदापुरात जिंकायचं होतं. हौसाशिवाय जिंकलो नसतो. दुसरं काही नव्हतं, आबा. खेळाचंही नव्हतं."

अनसाबाईंचं इंदापूर त्या मुलखात कोणाला सांगायला लागत नव्हतं. आबांनी खाली बघितलं. तेवढ्यात आतून हौसाची सासू म्हणाली, "पोरगं जेवंना झालंय. मी एकटी किती भाकरी थापू? अन् ह्यांचं अजून काकड्यांचंच चाललंय." जावयानं बैलाची पाठ खाजवायची थांबवली.

आमच्या पेठेत भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालून बोटं दाबतात. त्यामुळे मी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो. आबांची मूठ सुटली होती. त्यांनी चंची काढली, पान काढलं आणि चंची माझ्याकडे सरकवली. सौदा झाला होता. काहीही न देता झाला होता. आता पान खायचं आणि कधी आणायची एवढंच बोलायचं.

आणि बाई उठल्या. दाराशी जाऊन सासूला म्हणाल्या, "वहिनी, देवापुढचा भंडार द्या जरा." त्या माऊलीला काय कल्पना. तिनं कुंकू-भंडाऱ्याची वाटी आणून दिली. बाईंनी भंडार उचलला, कपाळाला लावला आणि आबांसमोर म्हणाल्या, "मी पुन्हा मैदानात पाय ठेवणार नाही. एकाही मुलीला खेळवणार नाही. हौसाला घेऊन या."

आबांच्या हातातलं पान तसंच राहिलं. भंडार उचलून दिलेला शब्द नको कसा म्हणणार? खंडोबाचं घर ते. शेवटी ते म्हणाले, "बरं."

परत येताना मी बाईंवर इतका ओरडलो की गाडीवान मागं वळून बघत राहिला. "कोणी मागितलं होतं? चंची सरकली होती, दिसली नाही तुम्हाला? झालेल्या सौद्यावर असं कोणी भरतं का?"

"दिसली," बाई म्हणाल्या.

"मग?"

"तुमचा सौदा झाला होता, शंकरराव. माझा नव्हता."

तो राग माझा आजही गेलेला नाही. लोक म्हणतात, बाईंनी तुमच्या बहिणीचा संसार वाचवला. मी म्हणतो, संसार वाचलाच होता. त्यांनी आपल्या मनाच्या समाधानासाठी आम्हाला असं काही देऊन ठेवलं की ते फेडायची सोयच ठेवली नाही. हौसाला दिवाळीच्या आधी नेलं. घर चांगलं चाललं. पण माहेरी आली की ती शाळेच्या रस्त्यानं जायची नाही, नदीकडून वळसा घालून यायची. आबांचीही तीच गत. पुढल्या वर्षी बाजाराला आले तेव्हा माझ्या गादीवर बसून म्हणाले, "पाव्हनं, म्या मागितलं न्हवतं."

"मला ठाऊक आहे, आबा."

"बाईंना म्हना, खेळवा. माझं काय न्हाय. देवाचं मी बघून घीन."

मी तो निरोप पोचवला. बाईंनी माझ्या हातावर गुळाचे पैसे ठेवले, सांगितला तेवढा भाव, आणि गेल्या.

शाळेनं मुलींसाठी एक पेन्शनर ड्रिलमास्तर नेमला. त्याच्याकडे शिट्टी होती. सराटे कोणी वेचेना. मुली पायांत काटे घेऊन खेळत, आणि हरत.

पुढं माझा जम बसला, शाळेच्या कमिटीवर मला घेतलं. एका पंचमीला बारामतीत सामना होता. बक्षिसं माझ्याकडून होती, ती वाटायलाही मलाच बोलावलं होतं. मैदानाभोवती माणसं दाटली होती, पूर्वी नाकं मुरडणारेही होते. बाई कुठं दिसेनात. मी आत गेलो तर त्या आपल्या वर्गात एकट्या पाट्या पुसत बसल्या होत्या. मैदानाकडच्या खिडकीला त्यांनी फळा टेकवून ठेवला होता. खिडकी पूर्ण झाकली होती.

मी मुलींच्या बाकावर बसलो. बाहेरून खो, खो असे आवाज येत होते.

"बसलेल्या उशिरा उठताहेत," बाई पाटीवरून डोळे न काढता म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"खो ऐकू येतो आणि मग पावलं. दोन्ही एकदम यायला पाहिजेत."

"मग चला बाहेर. सांगा त्यांना. आबांनी कधीच सोडलंय तुम्हाला. मी कमिटीत सांगतो. काय हवं ते मागा, बाई, एकदा तरी मागा."

त्यांनी पाटी खाली ठेवली. "हौसा काय म्हणते?"

"म्हणते, बाईंना कुठल्या तोंडानं भेटू."

"वेडी आहे. तिनं काय केलं?" बाई म्हणाल्या. "मी तिला तिच्याच घराच्या दारात झाकून नेली. चोरीचं वासरू नेतात तशी. ती माझ्या पायाशी होती, शंकरराव, आणि मी वर बसून खात होते. आबा सोडतील. मैदानात उभी राहिले की मला तेच दिसणार. समोर कोणतीही पोरगी असली तरी."

बाहेर एकदम गलका झाला आणि लगेच ओसरला. आमच्या मुली हरल्या होत्या.

मुली पाणी प्यायला आत घुसल्या. रांजण त्याच वर्गात होता. घामेजलेल्या, धुळीनं भरलेल्या, काष्टे सुटलेल्या. त्यांतली एक बारकी मुलगी भिंतीकडे तोंड करून उकिडवी बसली आणि हुंदके द्यायला लागली. तिच्यामुळेच डाव गेला असावा. बाकीच्या तिच्याकडे बघत नव्हत्या. बाई उठल्या. तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि तिच्या पाठीकडे हात नेला. तो हात पाठीपर्यंत पोचला नाही. मधेच थांबला. मुलगी तशीच बसून होती.

मग बाई रांजणाकडे वळल्या, तांब्या भरून घेतला आणि तो तिच्या शेजारी जमिनीवर ठेवला. "आधी दम खा," त्या म्हणाल्या, "मग पी."

बाहेरून मला हाका मारत होते. मी बक्षिसं वाटायला गेलो.